मुंगीचे अठरा गुण

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. ती तक्रार होती, पण मी ते कौतुक म्हणूनच घेतलं. चष्म्याच्या दुकानात गोड बोलून भागत नाही. माणूस तपासणीच्या खुर्चीत येऊन बसतो तो तक्त्याची खालची ओळ आधीच पाठ करून, आणि आपले डोळे ठणठणीत आहेत एवढंच ऐकून त्याला घरी जायचं असतं. मी त्याला तोंडावर सांगते, तुम्हाला दिसत नाही. तीस वर्षं हेच सांगत आले आणि लोक तरीही माझ्याकडेच येत राहिले.

दुकान बाबांचं. ते गेल्यावर माझं. धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिने सोळा वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली आणि चार वर्षांपूर्वी कंबर धरायला लागली तेव्हा नोकरी सोडून माझ्याकडे आली. मी तिला काउंटरमागे उभं केलं. ती फ्रेमा दाखवायची, मशीनवर काचा घासायची, आणि घरी गेल्यावर जाडजूड पुस्तकं वाचत बसायची. दोन महिन्यांपूर्वी डोळे तपासायची परीक्षा पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. मग तिने मला एकच गोष्ट मागितली. दुकानाची पाटी नव्याने रंगवायची होती, तर तिच्यावर माझ्या नावाबरोबर तिचंही नाव यावं, आणि आठवड्यातले तीन दिवस तपासणी तिने करावी. रंगारी सोमवारी येणार होता. मी म्हटलं, रविवारी सांगते.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं आणि आम्ही आतल्या तपासणीच्या खोलीत खेळतो. कसला खेळ, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ह्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक माणूस गोष्ट चालवतो: हा किल्ला, हे भुयार, हा पहारेकरी. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा टाकून आणि पात्राच्या कागदावर लिहिलेले आकडे बघून ठरतं. गोष्ट मी चालवायचे. तपासणीचं चाकांचं स्टूल माझं, बाकीचे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. त्या स्टुलावर बाबांनंतर माझ्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं.

खेळायला धाकटीशिवाय दोघं यायचे. एक समोरच्या दुकानातला औषधवाला, जो स्वतःला फार हुशार समजतो. दुसरे कोपऱ्यावरचे किल्लीवाले काका, साठी उलटलेले. आठवडाभर कुलुपांशी डोकेफोड करून काका इतके वैतागलेले असायचे, की खेळात त्यांनी लढवय्या घेतला होता आणि दिसेल ते दार खांद्याने फोडायचे.

प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. पुस्तकात त्याला क्लास म्हटलंय, पण आम्ही पेशाच म्हणतो, कारण नवरा दुसरा क्लास घेणार म्हटल्यावर औषधवाल्याच्या बायकोला वाटलं होतं, ह्या वयात हा शिकवणीला चाललाय. पेशाप्रमाणे दर लेव्हलला, म्हणजे पात्र एकेक पायरी वर चढेल तसे, स्किलचे गुण मिळतात. चोराला आठ, वैद्याला दोन. कारण चोराला पन्नास गोष्टी याव्या लागतात आणि वैद्याला एक आली तरी पुरते. मात्र पात्र जन्माला येतं त्या पहिल्या लेव्हलला हे गुण चौपट मिळतात. फक्त तेव्हाच. पुढे त्याने दुसरा पेशा धरला, तर त्या पेशाची पहिली लेव्हल साध्या भावाने. नवशिके इथेच घोळ घालतात. चोर म्हणून सुरुवात केली तर बत्तीस गुण हातात घेऊन घराबाहेर पडता, वैद्य म्हणून केली तर आठ. नंतर चोराचा वैद्य होवो की वैद्याचा चोर, ते पहिलं अंतर जन्मात भरून निघत नाही.

मला हा नियम मनापासून आवडायचा. खरं तर नियम खेळातला, पण मी तो दुकानातही वापरायचे. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. असाच रविवार होता, चहा आला होता आणि माझा हात लागून पेला सांडला. त्या महिन्यातला तिसरा असेल. धाकटी फडकं आणायला उठली आणि पुसता पुसता हळूच म्हणाली, "ताई, एकदा तुझे डोळे बघू का मी?" तेव्हा तिची परीक्षाही व्हायची होती. मला हसूच आलं.

मी दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तू पहिल्या लेव्हलची नर्स. दुसऱ्या पेशात एवढंच येतं, फ्रेमा पुसण्यापुरतं. ते आधी नीट कर."

औषधवाला खिंकाळला. काकाही मिशीतल्या मिशीत हसले. धाकटीही हसली, आणि फडकं पिळून आणायला बाहेर गेली. मग परत कधी तिने तो विषय काढला नाही.

तिच्या पात्राचं नाव मुंगी. ते तिने आमच्या खेळात जन्माला घातलेलं नव्हतं. इस्पितळात असताना नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत, सुट्टीच्या तासांत त्या पोरी हा खेळ खेळायच्या, आणि तिथून ती पाचव्या लेव्हलची मुंगी आयती घेऊन आली. अंगापेक्षा जास्त ओझं उचलते म्हणून मुंगी. जखमा बांधायची आणि कुलपंही उघडायची. नऊ वर्षांचा तो कागद चार वेळा चिकटपट्टी लावून जोडलेला. मी तो कधी तपासला नव्हता. कशाला तपासू, ती वैद्य होती, नर्सने दुसरं काय घ्यावं?

पाटीचं उत्तर द्यायचं होतं त्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. गुरुवारी एक बाई आल्या, माझ्याकडे चार वर्षं येणाऱ्या, आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, आज धाकट्या बाईंकडून तपासून घ्यावं म्हणते, त्या घाई करत नाहीत. मी हसून म्हटलं, त्यांना अजून परवानगी नाही. बाई गेल्या आणि माझ्या अंगाची जी आग झाली ती शनिवारपर्यंत शमली नाही. पाटीवर तिचं नाव येणार नाही हे मी गुरुवारीच ठरवलं. फक्त नुसतं नाही म्हणायचं नव्हतं. तिला पुन्हा विचारायचं धैर्य होणार नाही, असं म्हणायचं होतं.

शनिवारी ती बँकेत गेली असताना मी तिच्या पिशवीतून मुंगीचा कागद काढला. वर लिहिलं होतं, वैद्य चार, चोर तीन. खाली स्किलची यादी. मी गुणांची बेरीज केली, छप्पन्न आली. मग नियमाने हिशेब मांडला. वैद्याची पहिली लेव्हल चौपट, म्हणजे आठ. पुढच्या तीन लेव्हलचे सहा. चोराच्या तीन लेव्हल साध्या भावाने, चोवीस. एकूण अडतीस. अठरा गुण जास्त. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. कागद होता तसा पिशवीत ठेवला आणि रविवारची वाट बघितली.

रविवारी मी त्यांना एका भुयारात नेलं. मागचं दार पडलं, पाणी चढायला लागलं, आणि पुढे लोखंडी दार, खांद्याने न फुटणारं. काका दोनदा धडकले, हाड मोडून घेतलं. आता एकच उपाय होता, मुंगीने कुलूप उघडायचं. कुलूप उघडण्यात तिचे दहा गुण होते, त्या लेव्हलला ह्याहून जास्त घेताच येत नाहीत. तिने फासा उचलला.

"थांब," मी म्हटलं. "कागद दे."

तिने दिला. मी तो दिव्याखाली धरला आणि जणू पहिल्यांदाच बघतेय अशी बेरीज सुरू केली. मोठ्याने. एकेक स्किल वाचत, एकेक आकडा मिळवत. औषधवाला आधी मजेत होता, मग बोटं मोडायला लागला. छप्पन्न, मी म्हटलं. मग नियमाची उजळणी केली, त्यांना पाठ असलेली, शाळेतल्या बाई करतात तशी. अडतीस, मी म्हटलं. मग विचारलं, "अठरा कुठून आले?"

धाकटी माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही. म्हणाली, "ताई, कागद नीट बघ."

"बघितला."

"पूर्ण बघ."

"मला दिसतं," मी म्हटलं. "नऊ वर्षं तू फुकटच्या स्किलवर मिरवलीस. दुसऱ्या पेशात जे येत नसतं ते येतं म्हणून सांगत राहिलीस, आणि आम्ही खुळ्यासारखे तुझ्यामागे भुयारात शिरलो."

काका म्हणाले, जाऊ दे ताई, खेळच आहे. मी म्हटलं, खेळ आहे म्हणूनच नियम आहे. मग शाईचं पेन घेतलं. कुलूप उघडण्यातले दहाच्या दहा खोडले, चाहूल घेण्यातले आठ खोडले. जुना कागद, निबाने एका ठिकाणी फाटला. कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, टाक फासा.

तिने टाकला. अकरा पडले. दहा गुण असते तर एकवीस झाले असते आणि दार उघडलं असतं. वीस पुरे होते. मी माझ्या बाजूने पाण्यासाठी फासा टाकला, तो कुठेतरी घरंगळला. मी टेबलावर हात फिरवत राहिले तेव्हा औषधवाल्याने माझ्या डाव्या कोपरापाशी पडलेला उचलून हातात दिला. पाणी छताला लागलं. मी मुंगीचं बुडणं सावकाश सांगितलं, नाकातोंडात पाणी जाण्यापासून. काकांना आणि औषधवाल्याला वरच्या झरोक्यातून बाहेर काढलं. तिला नाही काढलं.

आणि मग ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते बोलले. "पाटीचं विचारत होतीस ना. त्याचंही उत्तर हेच. दोन महिन्यांची परीक्षा आणि तीस वर्षांचा हात, दोन्ही एका रेघेत लिहीत नाहीत. तुझं नाव येणार नाही."

धाकटीचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. मला वाटलं आता रडेल. तिने कागद उचलला, फाटलेल्या जागी बोटाने दाबून सरळ केला आणि औषधवाल्यापुढे धरला.

"डाव्या कडेला काय लिहिलंय, वाचा."

तो वाचेना. माझ्याकडे बघायला लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "क्रम असं लिहिलंय. चोराच्या पुढे एक. वैद्याच्या पुढे दोन."

"मोठ्या आकड्यात आहे का बारीक?"

"मोठ्या आकड्यात. लाल पेन्सिलीने."

मी कागद ओढून घेतला. कडेला काही नव्हतं. मग मान वळवली आणि तिथे होतं, लालभडक, बोटभर उंचीचं. चोर आधी. बत्तीस, मग सोळा, मग वैद्याचे आठ. छप्पन्न. एकही गुण जास्त नव्हता.

"मी आधी चोरच होते," धाकटी म्हणाली. "आणि काचा घासायला बाबांबरोबर बसायचे तेव्हा अकरा वर्षांची होते. तू कॉलेजात होतीस. कुठला पेशा पहिला, हे तू कधी विचारलंच नाहीस." मग उठली. "खुर्चीत बस, ताई."

पेशंटची खुर्ची. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. पण दोघं बघत होते, आणि न बसणं म्हणजे घाबरल्यासारखं झालं असतं. मी बसले. तिने माझं स्टूल पायाने ओढलं आणि त्याच्यावर बसली, माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"माझ्या नाकाकडे बघ. बाजूने बोट आणते, दिसलं की सांग."

ही तपासणी मी हजारो जणांची केली आहे. तिला मी तेही सांगितलं. ती हो म्हणाली. मी तिच्या नाकाकडे बघत राहिले. नाक बाबांचं आहे तिला. बराच वेळ गेला.

"सुरू कर की," मी म्हटलं.

औषधवाल्याने खाली बघितलं. शेवटी किल्लीवाले काका, ज्यांचा आवाज दुकानात एरवी सगळ्यात मोठा असतो, अगदी हळू म्हणाले, "ताई, ती हलवतेय. मघापासून."

मग बोट दिसलं. ते जवळजवळ तिच्या नाकापाशी आलं होतं. उजवीकडून थोडं आधी दिसलं, फार नाही. तिच्या डोक्यावर, समोरच्या भिंतीला, काचबिंदूचं पोस्टर आहे. मीच लावलंय, सहा वर्षांपूर्वी. आधी कडेचं दिसणं जातं. दुखत नाही, कळत नाही. गेलेलं परत येत नाही. हे वाक्य मी पेशंटना पाठ म्हणून दाखवायचे.

मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"आठ महिने."

"आणि बोलली नाहीस?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस दुसऱ्या पेशात एवढंच येतं. मग मी फ्रेमा पुसल्या. नियम पाळला, ताई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. इस्पितळात ती लोकांना वाईट बातमी अशाच आवाजात देत असेल. किल्लीवाले काका टोपी घेऊन उठले आणि औषधवाला त्यांच्यामागून गेला, आणि शटरखालून वाकताना दोघांपैकी कोणी मागे बघितलं नाही. सोमवारी सकाळी अख्ख्या रस्त्याला ठाऊक झालं होतं. चष्मेवालीला दिसत नाही. ह्याच्याहून मोठा विनोद त्या रस्त्यावर कित्येक वर्षांत झाला नसेल.

मोठ्या डॉक्टरांनी दोन यंत्रांवर बसवलं आणि तेच सांगितलं. आता रोज तीन वेळा थेंब, राहिलंय ते टिकवायचं. मी विचारलं, आठ महिन्यांपूर्वी आले असते तर. ते म्हणाले, बरंच वाचलं असतं. धाकटी बाजूला उभी होती, माझी पर्स धरून. डॉक्टरांनी तिला विचारलं, तुम्हाला काही शंका आली नाही का? ती म्हणाली, मी तेव्हा पास झाले नव्हते.

मला तिचा संताप येतो. रोज येतो. डोळ्यांत थेंब घालताना तिचा हात इतका हलका असतो की थेंब पडल्याचंही कळत नाही, आणि तेव्हा तो सगळ्यात जास्त येतो. तिच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिला शिव्याही देता येत नाहीत.

रंगाऱ्याला तिने त्या सोमवारी परत पाठवलं आणि महिन्याने बोलावलं. पाटीवर एकच नाव आहे. माझं कुठे घालायचं असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ताईंना विचारा. मी म्हटलं, राहू दे.

आता मी काउंटरवर बसते. फोन घेते, कोणाला कधी यायचं ते वहीत लिहिते. तिथे पानाच्या डाव्या कडेला वेळा छापलेल्या असतात, आणि पुढे नावं लिहायची. काम शेंबड्या पोरालाही जमेल असं आहे. परवा त्याच बाई आल्या, मागे गुरुवारी धाकटीकडून तपासून मागणाऱ्या, आणि त्यांच्या पाठोपाठ एक गृहस्थही आले, आणि दोघांनाही मी साडेदहाचीच वेळ दिली होती. बाईंनी हातातलं घड्याळ दाखवलं. गृहस्थांनी आवाज चढवला. मी वही उलटसुलट करत होते तेव्हा धाकटी आतून बाहेर आली, पांढऱ्या कोटात. तिने पान बघितलं, दोघांची माफी मागितली आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रागावू नका. ताई ह्या कामात नवीन आहे. दुसऱ्या पेशात एवढंच येतं."

बाई हसल्या. गृहस्थही हसले, आणि राग गेला त्यांचा. मीही हसले. मग मान वळवली, कारण त्याशिवाय ती मला आता दिसत नाही, पण तोवर ती आत गेली होती.